वेळापत्रक शेवटून वाचायला घ्या

जानेवारीत शाळा उघडली की आंतरराष्ट्रीय शाळेत मूल असलेल्या घरातला फोन सतत वाजू लागतो. हाउसच्या स्पर्धा, एमयूएन, आंतरराष्ट्रीय दिन, पाचवीचं प्रदर्शन, दहावीचा प्रकल्प, बारावीच्या मॉक परीक्षा, नाटकाच्या तालमी, पदवीदान. सगळ्या सूचना सारख्याच उत्साहाने लिहिलेल्या असतात. कशासाठी रजा टाकायची, कशावर मुलाचा निकाल अवलंबून आहे आणि काय निव्वळ मजेसाठी आहे, हे त्यातून कळत नाही. ज्या आई-वडिलांनी स्वतः एसएससी बोर्डाची परीक्षा दिली, त्यांना तर कळणं कठीणच.

या लेखात आपण इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी, या अभ्यासक्रमाच्या शाळेतलं जानेवारी ते मे हे सत्र टप्प्याटप्प्याने पाहू. आयबीची स्थापना 1968 साली जिनिव्हात झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल अशी एक परीक्षा असावी, हा त्यामागचा हेतू. आज मुंबई-पुण्यातही आयबीच्या बऱ्याच शाळा आहेत.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेली प्रत्येक शाळा आयबीची नसते. काही केंब्रिजच्या असतात, काही चक्क सीबीएसईच्या. शाळा ‘उमेदवार’ आहे असं कोणी सांगितलं, तर त्याचा अर्थ तिने अर्ज केलाय, मान्यता अजून मिळालेली नाही. मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर असते. शाळेचं नाव तिथे शोधायला पाच मिनिटं पुरतात.

आयबीत वयाप्रमाणे टप्पे आहेत. पीवायपी म्हणजे प्राथमिक, साधारण पाचवीपर्यंत. एमवायपी म्हणजे मधला टप्पा, दहावीपर्यंत. आणि डीपी, म्हणजे डिप्लोमा, हा अकरावी-बारावीचा. आपल्याकडच्या अनेक शाळा नववी-दहावीला एमवायपीऐवजी केंब्रिजचा आयजीसीएसई घेतात आणि अकरावीपासून आयबीकडे वळतात. तेव्हा आपलं मूल नेमकं कशात आहे, हे शाळेला विचारून घ्या. पालकसभेत हा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. वाटायला नको, कारण उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मे महिन्यापासून मागे

शाळा वेळापत्रक जानेवारीपासून पुढे छापते. आपण ते मे महिन्यापासून मागे वाचायचं.

डिप्लोमाची लेखी परीक्षा एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. ही तारीख शाळेच्या हातात नाही. त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, मुलांचे निबंध आणि प्रकल्प आयबीकडे अपलोड करायची अंतिम मुदत असते. तीही शाळेच्या हातात नाही. शाळेला ते तपासायला वेळ हवा, म्हणून शाळेची स्वतःची मुदत जानेवारी-फेब्रुवारीत येते. मॉक परीक्षाही त्याच सुमाराला. उरलेल्या फटींमध्ये खेळ, नाटक, सहल आणि एमयूएन बसवलेलं असतं.

त्यामुळे बारावीचं मूल फेब्रुवारीत सगळ्यात जास्त थकलेलं दिसतं, आणि त्याच महिन्यात त्याला सगळ्यात जास्त कार्यक्रमांना बोलावलेलं असतं. शाळेच्या वार्तापत्रात या महिन्यात पदकांचे फोटो असतात. मुदतीआधी अपलोड झालेल्या निबंधाचा फोटो कोणी छापत नाही. निकाल मात्र त्या निबंधावर ठरतो. घरात एक साधा कागद घेऊन बाहेरच्या मुदती लाल शाईने आणि शाळेचे कार्यक्रम निळ्या शाईने लिहा. लाल तारखेच्या आदल्या आठवड्यातल्या निळ्या गोष्टींना नाही म्हणायचा हक्क मुलाला द्या.

मॉक आणि अंदाजित ग्रेड

मॉक म्हणजे खऱ्या परीक्षेची रंगीत तालीम. प्रश्नपत्रिका बहुधा आयबीच्या आधीच्या परीक्षांतून घेतलेल्या असतात आणि तपासतात शाळेचेच शिक्षक.

इथे आपल्याला गुणांची भाषा समजून घ्यावी लागेल. डिप्लोमाला सहा विषय असतात. त्यातले बहुधा तीन वरच्या पातळीचे, तीन साध्या पातळीचे. शाळेत त्यांना एचएल आणि एसएल म्हणतात. प्रत्येक विषयाला 1 ते 7 ग्रेड. सहा साते बेचाळीस, आणि ईई आणि टीओके या पुढे येणाऱ्या दोन भागांचे मिळून जास्तीत जास्त 3 गुण. एकूण 45. डिप्लोमा मिळायला किमान 24 लागतात, पण तेवढंच पुरत नाही. एचएल विषयांत मिळून 12 हवेत, कुठल्याही विषयात 1 चालत नाही, आणि अशा आणखीही काही अटी आहेत.

गल्लत होते ती टक्क्यांची. दहावीला 95 टक्के पाहण्याची सवय असलेल्या घरात 34 हा आकडा आला की चेहरे उतरतात. जगभरची सरासरी गेल्या काही वर्षांत 30 च्या आसपास आहे, म्हणजे 34 चांगलेच. शिवाय 7 म्हणजे शंभर टक्के नव्हेत. अनेक विषयांत 80 टक्क्यांच्या खालीसुद्धा 7 मिळतो, कारण ग्रेडची सीमारेषा प्रत्येक परीक्षेनंतर पेपरच्या काठिण्याप्रमाणे ठरते. 45 ला 100 मानून टक्के काढत बसू नका. त्यातून निघणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

वर्गातल्या कामाच्या, आणि पुढे मॉकच्या, आधाराने शिक्षक ‘प्रेडिक्टेड ग्रेड’ ठरवतात, म्हणजे मुलाला किती मिळतील याचा अंदाज. हा अंदाज दोनदा दिला जातो. एकदा परदेशी विद्यापीठांना, साधारण दिवाळीच्या आगेमागे, आणि दुसऱ्यांदा आयबीला, एप्रिलमध्ये. पहिल्यावर ब्रिटनसारख्या देशांतल्या विद्यापीठांचे सशर्त प्रवेश अवलंबून असतात. ‘एकूण 38, त्यात एचएलला 6, 6, 6’ अशा स्वरूपाची अट घालून ते जागा देऊ करतात.

म्हणून शिक्षकांवर दबाव आणून अंदाज वाढवून घेण्याचा मोह काही पालकांना होतो. त्याचा हिशेब जुलैत चुकता होतो. अंदाज 40 चा, निकाल 35 चा, आणि अट 38 ची असली की हातातली जागा जाऊ शकते. तोवर इतर विद्यापीठांच्या जागाही भरत आलेल्या असतात. खरा अंदाज थोडा बोचतो, पण अर्ज योग्य ठिकाणी जातात.

भारतात शिकायचं असेल तर आणखी एक गाठ आहे. आयबी डिप्लोमा बारावीला समकक्ष मानला जातो. भारतीय विद्यापीठांच्या संघटनेची, म्हणजे एआययूची, त्याला मान्यता आहे. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय आधीच घेतलेले असावे लागतात. हा निर्णय अकरावीच्या ऑगस्टमध्ये होतो, बारावीच्या जानेवारीत नाही. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये होते. नीट अलीकडच्या वर्षांत मेच्या पहिल्या रविवारी होत आली आहे, म्हणजे नेमकी आयबीच्या पेपरांच्या मधोमध. दोन्ही करणारी मुलं असतात. पण हे ठरवून, दोन वर्षं आधीपासून करायचं असतं. फेब्रुवारीत सुचलेली कल्पना म्हणून नीटचा फॉर्म भरणं म्हणजे मुलाला दोन्हीकडे अर्धं करणं.

ज्याचा फोटो निघत नाही ते काम

आता सत्राचा गाभा. लेखी परीक्षेआधीच मुलाच्या बऱ्याच गुणांचा फैसला होऊन गेलेला असतो, तो तीन गोष्टींतून.

पहिली आयए, म्हणजे विषयामधला अंतर्गत प्रकल्प. विज्ञानात स्वतः आखलेला प्रयोग, गणितात स्वतः निवडलेल्या प्रश्नाचा शोध, इतिहासात एका घटनेचा साधनांसह तपास, भाषेत 15 मिनिटांची तोंडी परीक्षा. विज्ञान आणि गणितात याला 20 टक्के वजन आहे.

दुसरी ईई, म्हणजे विस्तृत निबंध. जास्तीत जास्त 4000 शब्द, विषय मुलाने निवडलेला, सोबत एक मार्गदर्शक शिक्षक. तिसरी टीओके, ‘ज्ञान म्हणजे काय आणि ते आपल्याला कसं कळतं’ हा विषय. त्यात 1600 शब्दांचा निबंध आणि तीन वस्तूंवर उभं केलेलं एक छोटं प्रदर्शन. ईई किंवा टीओके यांपैकी एकातही सगळ्यात खालची ई ग्रेड मिळाली तर डिप्लोमा जातो, बाकी गुण कितीही असोत.

सगळ्यात जास्त मुलं अडखळतात ती मसुद्यापाशी. नियम असा, की शिक्षकाने पूर्ण मसुदा एकदाच वाचून शेरे द्यायचे. दुसऱ्यांदा नाही. मूल मुदत पाळायची म्हणून अर्धाकच्चा, निष्कर्ष नसलेला मसुदा देतं. शिक्षक त्याच अर्ध्यावर शेरे देतात, आणि निबंध खरा आकाराला येतो तेव्हा वाचून सांगणारं कोणी उरत नाही. तेव्हा ‘दिलास का?’ याऐवजी ‘पूर्ण झालेला दिलास का?’ असं विचारा.

दुसरी अडचण प्रश्नाच्या रुंदीची. ‘महाराष्ट्रातला दुष्काळ’ हा 4000 शब्दांत मावणारा विषय नाही. एका तालुक्यातल्या ठरावीक वर्षांच्या पावसाच्या नोंदी आणि तिथल्या विहिरींची पातळी यांचा संबंध मावतो. चांगल्या निबंधाचा प्रश्न ऐकायला नेहमी जरा किरकोळ वाटतो. घरातल्या मोठ्यांनी ‘एवढाच विषय?’ म्हणून नाक मुरडलं की मूल तो फुगवतं आणि गाडी फसते.

आयएचे गुण आधी शाळेतले शिक्षकच देतात. मग आयबी त्यातल्या काही मुलांचे प्रकल्प मागवून बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घेते. शितावरून भाताची परीक्षा व्हावी तसं. शिक्षकांनी सढळ हाताने गुण दिलेले आढळले, तर सगळ्या वर्गाचे गुण खाली आणले जातात. याला मॉडरेशन म्हणतात. फेब्रुवारीत 24 पैकी 22 सांगितले होते, निकालात कमी कसे, या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे असतं.

आणि चॅटजीपीटीबद्दल. आयबीने त्यावर सरसकट बंदी घातलेली नाही. पण त्यातून घेतलेला मजकूर दुसऱ्याचा आहे, असं निबंधात सांगावं लागतं. न सांगता वापरला तर ती उचलेगिरी. उचलेगिरी सिद्ध झाली की त्या विषयाची ग्रेडच मिळत नाही, आणि ग्रेड नाही म्हणजे डिप्लोमा नाही. शिकवणीच्या सरांनी ‘जरा हात फिरवलेला’ निबंधही याच खात्यात जातो. शहरांत आयबीच्या शिकवण्यांचा धंदा मोठा आहे. तिथे निबंध ‘तयार’ मिळेल असं कोणी सुचवलं तर तिथून उठून या.

सेवा, खेळ, डोंगर

डिप्लोमाचा आणखी एक सक्तीचा भाग आहे कॅस. सर्जनशीलता, शारीरिक हालचाल आणि सेवा, या तिन्हींना धरून मुलाने अकरावीच्या सुरुवातीपासून किमान 18 महिने काहीतरी करत राहायचं असतं. त्यात निदान महिनाभर चालणारा एक सामूहिक प्रकल्पही हवा. याला गुण नाहीत. पण पूर्ण झालं नाही तर डिप्लोमा मिळत नाही.

आयबीच्या शाळा मुलांना एवढं डोंगरात आणि वस्तीत का पाठवतात? यामागच्या विचारात कुर्ट हान या जर्मन शिक्षकाचा मोठा वाटा आहे. हिटलरला विरोध केल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली. 1934 साली त्याने स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. पुढे 1962 साली त्याच्याच कल्पनेतून वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. आयबीचा डिप्लोमा सुरुवातीला स्वीकारणाऱ्या शाळांत ते होतं. युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसची साखळी तिथून सुरू झाली, आणि तिचीच एक शाखा, महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज, 1997 पासून पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आहे. परीक्षेइतकंच शरीर आणि सहानुभूती यांना वळण लागलं पाहिजे, असं हानचं म्हणणं होतं.

अनेक शाळांत दिसणारा इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल, म्हणजेच ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड, हाही याच मुळाचा. गॉर्डनस्टनचा विद्यार्थी असलेल्या प्रिन्स फिलिपने तो 1956 साली हानच्या प्रेरणेने सुरू केला. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर. कांस्य वयाच्या 14 व्या वर्षापासून, सुवर्ण 16 पासून. सुवर्णसाठी चार दिवस आणि तीन रात्रींचा साहसी प्रवास करावा लागतो, आणि तो मुलांनी छोट्या गटात स्वतः आखलेला, स्वतःच्या ताकदीवर केलेला असावा लागतो. मोठी माणसं लांबून लक्ष ठेवतात. सह्याद्रीत राहणाऱ्या आपल्या मुलांना हा भाग आवडतो. वाटाड्या, आयतं जेवण आणि सामानाला गाडी देऊन केलेली सहल मात्र यात बसत नाही.

कॅस फसतं ते लिखाणात. मूल दीड वर्षं वस्तीतल्या मुलांना शिकवतं, पण नोंद ठेवत नाही. मग मार्चमध्ये एका रात्रीत वीस नोंदी लिहिल्या जातात, सगळ्या एकाच सुरात: ‘मला खूप शिकायला मिळालं.’ शाळेतल्या कॅसच्या समन्वयकाला हे लगेच ओळखू येतं. काय बिघडलं, काय बदललं, हे महिन्यातून एकदा चार ओळींत लिहिलं असतं तर काम संपलं असतं.

सेवेच्या फोटोंबद्दल माझं मत जरा कडक आहे. पाड्यावर एक दिवस जाऊन वह्या वाटायच्या, मुलांच्या घोळक्यात उभं राहून फोटो काढायचा आणि परत यायचं, ही सेवा नव्हे. कॅसच्या कागदपत्रांतही समाजाची खरी गरज आधी समजून घ्या, असंच लिहिलेलं आहे.

एमयूएन: टाय बांधून केलेली वादावादी

सत्रातला सगळ्यात दिमाखदार कार्यक्रम म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, एमयूएन. संयुक्त राष्ट्रांची नक्कल. मुलाला एक देश आणि एक समिती मिळते. त्याने त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं, वाटाघाटी करायच्या आणि शेवटी ठराव मंजूर करून घ्यायचा. हेग शहरातली प्रसिद्ध थिमुन परिषद 1968 पासून भरते. आपल्याकडच्या मोठ्या शाळाही स्वतःच्या परिषदा भरवतात आणि एकमेकींची मुलं बोलावतात.

घडतं कसं ते पाहू. देश मिळाला की आधी एका पानाचं भूमिकापत्र लिहायचं: या प्रश्नावर आपल्या देशाचं म्हणणं काय. परिषदेच्या दिवशी हजेरी होते. ‘उपस्थित’ म्हटलं तर ठरावावर तटस्थ राहता येतं. ‘उपस्थित आणि मतदान करणार’ म्हटलं तर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नवखी मुलं रुबाबात दुसरं म्हणतात आणि संध्याकाळी अडकतात.

मग भाषणांची यादी उघडते. त्यानंतर एका मुद्द्यावरची नियंत्रित चर्चा, आणि मग अनियंत्रित चर्चा, म्हणजे खुर्च्या सोडून घोळके करायचे. खरं काम या घोळक्यांत होतं. कोणाचं वाक्य ठरावात घालायचं, कोण पाठिंब्याची सही देणार, हे तिथे ठरतं. ठराव व्याकरणाने पाहिला तर एकच लांबलचक वाक्य असतो, स्वल्पविरामांनी आणि अर्धविरामांनी जोडलेला. आधी पार्श्वभूमीची कलमं, नंतर कृतीची. शेवटी दुरुस्त्या आणि मतदान.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मूल स्वतःचं मत बोलतं. वाट्याला सौदी अरेबिया आलेला असताना तेलाचा वापर थांबवा असं तळमळीने सांगितलं, तर भाषण कितीही छान असो, प्रतिनिधित्व फसलं. तयारी म्हणजे आपल्याला न पटणारी भूमिका तिच्या कारणांसह समजून घेणं. या खेळाची खरी शिकवण एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

घरी परत आल्यावर ‘बेस्ट डेलिगेट मिळालं का?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. थिमुन परिषदेत बक्षिसं दिलीच जात नाहीत. बक्षिसांच्या मागे लागलेली मुलं दुसऱ्यांचे मसुदे पळवतात आणि दर दोन मिनिटांनी हात वर करत राहतात. शनिवार-रविवारी भरणाऱ्या परिषदांचं शुल्क आणि बाहेरगावचा प्रवास धरला तर खर्चही बराच होतो. वर्षातून एक-दोन परिषदा पुरेत.

धाकट्यांचं काय

पाचवीच्या मुलांचं पीवायपी प्रदर्शन साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी असतं. मुलं गटाने एखादा प्रश्न निवडतात, माणसांना भेटतात, माहिती गोळा करतात आणि सगळ्यांसमोर मांडतात. प्रत्येक गटाला एक मोठा माणूस मार्गदर्शक असतो. इथे पालकांचा हात फार चालतो. थर्माकोलचे देखावे, छापून आणलेले फलक. प्रदर्शनाच्या दिवशी मुलाला साधा प्रश्न विचारला, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ की फलक कोणी केला ते कळतं. वाकडंतिकडं अक्षर असलेला तक्ता चालेल. आपण मुलाला भेटायला नेण्याचं काम करा: कचरा हा विषय असेल तर कचरा वेचणाऱ्या ताईंशी बोलणं घडवून आणा.

दहावीच्या एमवायपीच्या मुलांचा पर्सनल प्रोजेक्ट मार्गी लागलेला असतो. साधारण 25 तासांचं काम आणि जास्तीत जास्त 15 पानांचा अहवाल. इथली मेख अशी, की गुण वस्तूला नाहीत, अहवालाला आहेत. मुलाने सुंदर सायकल दुरुस्त केली, रॉकेट उडवलं, गाण्यांची ध्वनिफीत काढली, तरी ते कसं आखलं, कोणती कौशल्यं वापरली आणि काय शिकलं, हे अहवालात नसेल तर गुण नाहीत. उलट अर्धवट राहिलेली वस्तू आणि प्रामाणिक अहवाल यांना चांगले गुण मिळू शकतात. म्हणून कामाची वही सुरुवातीपासून ठेवायची.

केंब्रिजच्या आयजीसीएसईची मुलं असतील तर त्यांची फेब्रुवारी-मार्चची परीक्षा भारतात उपलब्ध आहे. ती निवडली असेल तर त्यांचं सत्र जानेवारीतच संपल्यासारखं असतं. त्यांना क्रीडास्पर्धांतून वगळा अशी विनंती आपणहून करा.

बाकीचं, झटपट

आंतरराष्ट्रीय दिन म्हणजे देशोदेशींचे पोशाख आणि खाणं. जा, खा, मजा करा. तिखट नसलेला पदार्थ न्यायचा असेल तर थालीपीठापेक्षा पुरणपोळी लवकर संपते.

संगीताच्या एबीआरएसएम परीक्षा आठ श्रेणींच्या, 150 पैकी 100 ला उत्तीर्ण. त्याचा आयबीशी संबंध नाही. छंद म्हणून ठेवा.

27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन बहुतेक शाळांत साजरा होतो. महाराष्ट्राच्या 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी शिकवणं सगळ्याच मंडळांच्या शाळांना बंधनकारक केलं आहे, आंतरराष्ट्रीय शाळांनाही. वेळापत्रकात मराठी कुठे आहे, ते बघा. डिप्लोमात मातृभाषेचं साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः शिकण्याची सोय साध्या पातळीवर आहे. शिक्षक नसला तरी आयबीची परवानगी मिळाली तर मराठीसाठीही ती मागता येते. अट इतकीच की हे अकरावीच्या आधी विचारायला हवं. पुस्तकांची यादी ठरवायलाच वेळ जातो.

पेपर, टोपी, आणि जुलै

पेपर सुरू झाले की कार्यक्रम आपोआप थांबतात. बहुतेक पेपरांना पाच मिनिटं नुसती वाचायला मिळतात, त्यात लिहायचं नाही. जग वेगवेगळ्या कालपट्ट्यांत विभागलेलं असल्यामुळे पेपर झाल्यावर 24 तास त्याविषयी शाळेबाहेर कोणाशी बोलायला बंदी आहे. समाजमाध्यमांवर तर नाहीच. लंडनमधल्या मावसभावाला ‘दुसरा प्रश्न सोपा होता’ असा संदेश पाठवणं हा गुन्हा ठरू शकतो. ही गोष्ट मुलांना माहीत असते. घरातल्यांनीही त्यांना विचारून भरीला घालू नये.

मेच्या अखेरीस पदवीदान होतं. काळा गाउन, चौकोनी टोपी, फोटो. आजी-आजोबा गावाहून येतात आणि मूल पास झालं असं समजून पेढे वाटतात. खरं तर तेव्हा निकाल लागलेलाच नसतो. हा समारंभ शाळेचा निरोप आहे, आयबीचा डिप्लोमा नाही. पेढे वाटायला हरकत नाही, पण अर्जांवर ‘डिप्लोमा प्राप्त’ असं लिहू नका.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. शाळेतला डिप्लोमाचा समन्वयक प्रत्येक मुलाला एक वैयक्तिक कोड आणि पिन देतो, त्यावर मूल स्वतः निकाल पाहतं. कोणत्या विद्यापीठांना तो परस्पर जावा, त्यांची नावं परीक्षेआधीच समन्वयकाला दिलेली असावीत. नंतर धावाधाव होते.

एखाद्या विषयात सीमारेषेच्या अगदी खाली राहिलं तर पुनर्तपासणी मागता येते. त्याला शुल्क लागतं, ती शाळेमार्फतच होते आणि मुलाची संमती लागते, कारण ग्रेड वर जाऊ शकते तशी खालीही येऊ शकते. विद्यापीठाला हवे तेवढे गुण आधीच असतील तर हा जुगार खेळू नये. तोच विषय पुन्हा द्यायचा झाल्यास नोव्हेंबरची परीक्षा असते, पण तिची नोंदणी जुलैतच संपते. निकालापासून नोंदणी बंद होईपर्यंत फार तर तीन-चार आठवडे मिळतात. त्या दिवसांत कुटुंब परगावी जाणार असेल तर समन्वयकाचा चालू नंबर आणि मुलाचा पिन सोबत ठेवा, आणि शाळेच्या सुट्टीत समन्वयक कोणत्या दिवशी उपलब्ध आहे, हे मेमध्येच विचारून घ्या.